माउंटन बाइकला पुढे कोणता टायर, मागे कोणता? मुंबईतल्या नव्या सायकलस्वारांसाठी

नवी माउंटन बाइक घेतली की तिला पुढे आणि मागे बहुतेक वेळा एकसारखेच टायर असतात. मागचा टायर आधी घासतो, आपण दुकानात जातो, दुकानदार तीच जोडी पुढ्यात ठेवतो आणि आपण ती घेऊन येतो. सायकल चालते, त्यामुळे यात काही चुकतंय असं वाटत नाही. पण येऊरच्या उतारावर किंवा पावसात आरेच्या वळणावर पुढचं चाक एकदा निसटलं की टायरकडे आपलं लक्ष जातं. ती वेळ येण्याआधीच ते जावं म्हणून हा लेख.

सांगायचं आहे ते एवढंच: पुढचा आणि मागचा टायर वेगवेगळा निवडा, आणि निवडताना सुरुवात पुढच्यापासून करा.

दोन चाकं, दोन कामं

पुढचं चाक सायकल वळवतं. उतारावर ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे झुकतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा टायर करतो. मागच्या चाकाचा व्यवहार निराळा. सपाट रस्त्यावर सीटवर बसलो की साधारण ६० टक्के वजन मागे असतं, पेडलचा सगळा जोर मागेच उतरतो, चढावर माती उकरायची तीही मागच्यानेच. म्हणून मागचा टायर लवकर घासतो, आणि खड्ड्याची कड लागून ट्यूब चिमटायची झाली तर तीही बहुधा मागचीच.

आता दोन्ही घसरले तर काय होतं ते बघा. मागचं चाक घसरलं की सायकलचा मागचा भाग बाजूला सरकतो. आपल्याला ते जाणवतं, ब्रेक सोडायला किंवा पाय टेकवायला क्षणभर सवड मिळते. पुढचं घसरलं की हँडल हातातून जातं आणि काही कळायच्या आत आपण खांद्यावर नाहीतर मनगटावर आपटतो. म्हणून पुढे सगळ्यात महत्त्वाची ती पकड. मागच्याने सहज पळावं, टिकावं आणि उठसूट पंक्चर होऊ नये.

टायर कंपन्यांचा हिशेबही हाच आहे. मॅक्सिसच्या मिनियन या प्रसिद्ध टायरचे डीएचएफ आणि डीएचआर असे दोन प्रकार आहेत. त्यातला एफ पुढच्यासाठी, आर मागच्यासाठी. श्वाल्बेचा रेसिंग रे पुढचा, रेसिंग राल्फ मागचा. जपानच्या पॅनारेसरची डार्ट आणि स्मोक ही जोडी नव्वदच्या दशकात जगभर चालली; त्यातला डार्ट पुढे लागायचा, स्मोक मागे.

आधी टायरवरचे आकडे वाचा

सायकल उलटी करा किंवा भिंतीला टेकवा आणि टायरच्या बाजूवर उठावात कोरलेले आकडे शोधा. धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. २७.५ x २.२५ असं काहीतरी दिसेल, आणि जवळच ५७-५८४ असा दुसरा आकडा. पहिली जोडी इंचांत असते, दुसरी मिलिमीटरमध्ये. भरवसा ठेवायचा तो दुसरीवर. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. २६ इंची माउंटन बाइकसाठी ५५९, २७.५ साठी ५८४, २९ साठी ६२२. हा शेवटचा आकडा टायर आणि रिम दोन्हींवर सारखाच असायला हवा, इथे तडजोड नाही. २६ इंच म्हणून विकले जाणारे जुन्या साध्या सायकलींचे काही टायर वेगळ्याच व्यासाचे असतात, त्यामुळे नुसतं ‘२६चा द्या’ एवढ्यावर थांबू नका.

आता किती रुंद टायर मावेल ते तपासा. मागे चेन स्टेच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या, दोन दांड्यांमध्ये टायर जिथे सगळ्यात जवळ येतो तिथे बघा. दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर जागा मोकळी हवी. पावसाळ्यात चिखलातून जाणार असाल तर आणखी जास्त. नाहीतर चिखल अडकून चाकच फिरेनासं होतं आणि फ्रेमचा रंग खरवडून निघतो. पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, सहसा जास्त जागा असते, म्हणून पुढे थोडा रुंद टायर लावणं बहुतेक सायकलींना जमतं.

रिमची आतली रुंदीही पाहून घ्या. रिमवरच्या स्टिकरवर ५८४ x १९ किंवा ६२२ x २५ असं लिहिलेलं असतं. १९ मिलिमीटरच्या रिमवर २.१ ते २.२५ इंचांचा टायर नीट बसतो. त्याहून बराच रुंद लावला तर कमी हवेत तो वळणावर बाजूला लवतो आणि सायकल डोलल्यासारखी वाटते. २५च्या रिमला २.२५ ते २.४, ३०च्या रिमला २.४ ते २.६ हे मेळ चांगले.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पुढे २.३५ किंवा २.४ आणि मागे २.२५ असा विचार करावा. रिम अरुंद असेल तर दोन्हीकडे २.२५ घ्या आणि फरक नक्षीत ठेवा. पुढे अरुंद आणि मागे रुंद असं मात्र करू नका.

तुमची सायकल नेमकी कुठे चालते?

परदेशी लेख आणि व्हिडिओ वाचून-पाहून टायर घेतला की गडबड होते ती इथे. मुंबईत माउंटन बाइक चालवणाऱ्याचा बराचसा वेळ डांबरावर आणि काँक्रीटवर जातो. अंधेरीहून आरेला जा, मुलुंडहून येऊरला जा, नाहीतर नेरुळहून खारघरच्या टेकडीकडे. मातीला चाक लागण्याआधी बराच रस्ता कापावा लागतो. त्यामुळे उंच, विरळ नॉबचा जाडजूड टायर दोन्हीकडे लावला तर दर आठवड्याला तो रस्त्यावरच झिजतो, घूं-घूं आवाज करतो आणि पाय विनाकारण थकवतो. नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे. दुकानात ‘ग्रिपवाला टायर’ म्हणून जो दाखवतात तो याच उंचवट्यांचा.

रस्ताही एकाच जातीचा नाही. पेव्हर ब्लॉक, गटारांची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या पोलादी प्लेटा, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे. कोरड्यात यांचं काही वाटत नाही. जूनच्या पहिल्या सरींत मात्र धूळ आणि सांडलेलं तेल वर येतं आणि या सगळ्यावर चाक साबणावर पडल्यासारखं सटकतं. इथे नॉबच्या उंचीचा काही उपयोग नाही. मऊ रबर आणि कमी हवा यांनीच थोडीफार पकड मिळते. अशा ठिकाणी सायकल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पार व्हायचं.

मातीचं म्हणाल तर आपल्याकडे वर्षातून दोन वेगळ्या जमिनी मिळतात. दिवाळीनंतर पावसाळा येईपर्यंत येऊर, खारघर, नागला बंदर या भागांत जमीन कडक वाळलेली असते आणि तिच्यावर मुरुमाचे सुटे खडे पसरलेले असतात. खालची जमीन टणक, वरचे खडे फिरते. या जमिनीवर मध्यम उंचीचे, मजबूत बुडाचे आणि कडेला ठसठशीत नॉब लागतात. फार उंच आणि विरळ नॉब इथे वाकतात, फार बुटके असले तर खड्यांवर तरंगतात.

जून ते सप्टेंबरमध्ये सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तीच वाट ओळखू येत नाही. वर चिकट मातीचा पातळ थर, खाली काळा पाषाण, सावलीत त्यावर शेवाळ. खोल चिखलासाठी बनवलेले अणकुचीदार टायर आपल्याकडे सहसा कामाचे नाहीत, कारण त्यांचे लांब नॉब खालच्या दगडावर वाकडे होतात. आपल्याला हवा तो मधला प्रकार: नॉबमध्ये इतकं अंतर की चाक फिरताना माती झटकली जावी, आणि रबर इतकं मऊ की दगडाला धरावं. शेवाळलेल्या उतरत्या कातळावर कोणताच टायर धरत नाही. तिथे उतरा आणि सायकल हाताने न्या.

गोराई, उत्तन किंवा बोटीने मांडव्याला उतरून अलिबागकडे किनाऱ्याने जाणार असाल तर ओली, कडक वाळू कुठल्याही रुंद टायरवर जमते. कोरड्या भुसभुशीत वाळूसाठी म्हणून वेगळे टायर घेऊ नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुवा, म्हणजे झालं.

एक गोष्ट टायरबाहेरची, पण सांगायलाच हवी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि आरेचाही काही भाग राखीव वन आहे. पायवाटेवर सायकल घालण्याआधी परवानगी आहे का ते विचारा. बिबट्यांचा वावर दोन्हीकडे आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत बाहेर निघा.

नक्षी वाचायची कशी

दुकानात टायर हातात घ्या आणि तो समोरून, म्हणजे रस्त्याला जसा लागेल तसा, बघा. मधोमध नॉबची एक रांग असते, दोन्ही कडांना एकेक, आणि काही टायरांत या दोन्हींच्या मध्ये आणखी एक. सायकल सरळ चालते तेव्हा फक्त मधली रांग जमिनीला लागते. वळताना सायकल कलते, टायर बाजूवर येतो आणि सगळा भार कडेच्या रांगेवर जातो. या दोन रांगांमध्ये मोकळी पट्टी रुंद असेल तर पुरेसं कललं की टायर पक्का धरतो, पण अर्धवट कललात तर मधेच पकड सुटल्यासारखी वाटते. वळताना सायकल नीट कलवायला नवख्याला भीती वाटते. म्हणून पहिल्या टायरमध्ये मधल्या जागेत छोटे जोडनॉब असतील तर बरं.

पुढच्यासाठी आधी कडेची रांग बघा. तिथले नॉब मोठे, चौकोनी आणि एकमेकांपासून सुटे असावेत. अंगठ्याने एक नॉब बाजूला ढकलून बघा. तो मुळापासून सहज लवत असेल तर दगडी वळणावरही तसाच लवेल.

मागच्यासाठी मधली रांग बघा. नॉब बुटके आणि जवळजवळ असले तर रस्त्यावर टायर सहज पळतो. त्यांची पुढची कड, म्हणजे चाक फिरताना जमिनीला आधी लागणारी, थोडी उतरती असली तर वेग मिळतो. मागची कड सरळ उभी असली तर उतारावर ब्रेक दाबल्यावर टायर मातीत पाय रोवतो. चढावर पेडल मारताना कामाला येते ती पुढची कड, त्यामुळे ती फारच उतरती असलेला टायर चढावर लवकर सटकतो. येऊरसारख्या चढ-उतारासाठी मागे मध्यम उताराचा टायर बरा.

रबर, कापड आणि कड

रबराचा मऊपणा शोअर ए मापात सांगतात आणि टायरवर तो ४२ए, ५०ए, ६०ए असा दिसतो. आकडा लहान तितकं रबर मऊ, पकड जास्त, झीजही जास्त. बऱ्याच कंपन्या आकडा छापत नाहीत, आपल्या मिश्रणाला स्वतःचं नाव देतात. आकडा नसेल तर कडेच्या नॉबवर नख रोवून बघा. खूण हळूहळू भरत असेल तर रबर मऊ, टुणकन परत येत असेल तर कडक. पुढे मऊ, मागे कडक असा मेळ ठेवा. मऊ रबराचा टायर मागे लावून मुंबईतल्या काँक्रीटवर चालवणं म्हणजे पैसे रस्त्याला घासणं.

टायरच्या आतलं कापड टीपीआयमध्ये मोजतात, म्हणजे एका इंचात किती धागे. ६० टीपीआयचं कापड जाड आणि दणकट, १२० टीपीआयचं पातळ, लवचीक आणि हलकं. दगडधोंडे, काचा आणि खड्ड्यांच्या आपल्या वाटांवर मागे ६० टीपीआयचा टायर मला जास्त भरवशाचा वाटतो. बाजूला जादा थर असलेला प्रकार मिळत असेल तर मागच्यासाठी तो घ्या, थोडं वजन वाढू दे. पुढे १२० टीपीआय चालेल; तो खडबडीत वाटेवर जमिनीशी चांगला जुळवून घेतो.

टायरची रिममध्ये बसणारी कड तारेची किंवा घडीची असते. तारेच्या कडेचा टायर घडी करता येत नाही, जड असतो, पण स्वस्त असतो. घडीचा हलका आणि महाग. पकडीत या दोन्हींत फरक पडत नाही. बजेट कमी असेल तर तारेचा टायर घ्यायला मुळीच संकोच करू नका. उरलेले पैसे चांगल्या पंपावर घाला.

काही जोड्या

मॉडेलं बदलत राहतात आणि दुकानात नेहमी सगळं मिळेल असं नाही. म्हणून नावांपेक्षा कल्पना लक्षात ठेवा.

ज्यांचं ८० टक्के चालवणं शहरात आणि रविवारी आरेच्या अंतर्गत रस्त्यांवर, त्यांनी मागे बुटक्या, दाट नॉबचा टायर घ्यावा. कॉन्टिनेंटलचा रेस किंग, मॅक्सिसचा आयकॉन, व्हिटोरियाचा मेझकाल हे या जातीचे. पुढे त्याहून एक पायरी जास्त पकडीचा: क्रॉस किंग, अर्डेंट किंवा बार्झो.

येऊर-खारघरच्या मुरुमाच्या वाटा ज्यांना नियमित करायच्या आहेत त्यांनी पुढे मॅक्सिस रेकॉन किंवा श्वाल्बे नॉबी निक यांच्या जातीचा, मागे आयकॉन, अर्डेंट रेस किंवा रेसिंग राल्फ यांच्या जातीचा घ्यावा. माझ्या मते मुंबईकरासाठी वर्षभराची सगळ्यात समजूतदार जोडी हीच. रस्त्यावर ती फार छळत नाही आणि मातीत घाबरवत नाही.

पावसाळ्यातही थांबायचं नाही असं ठरवलं असेल तर मागचा टायर तोच ठेवा आणि फक्त पुढचा बदला. मिनियन डीएचएफ किंवा हाय रोलरसारखा उंच नॉबचा, मऊ रबराचा टायर जूनला लावा, ऑक्टोबरला काढून ठेवा. दोन टायर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि घसरण्याचा मोठा धोका पुढच्याच चाकाला असल्यामुळे सुरक्षिततेचा बराचसा लाभ एकाच टायरमध्ये मिळतो.

राल्को, राल्सन, मेट्रो यांसारख्या देशी कंपन्यांचे टायर विदेशी टायरांहून बरेच स्वस्त असतात. निव्वळ रस्त्यासाठी, किंवा शिकताना ब्रेक दाबून मागचं चाक घासत नेण्याची सवय अजून गेली नसेल तेव्हा मागच्या चाकासाठी, ते बिनदिक्कत वापरा. बजेट एकाच चांगल्या टायरचं असेल तर तो पुढे जाऊ द्या.

ट्यूब की ट्यूबलेस

सुरुवात ट्यूबवर करा. ट्यूब कोणीही बदलू शकतं, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही दहा मिनिटांत पंक्चर काढून देतो.

ट्यूबलेसचा खरा लाभ असा की हवा कमी ठेवता येते आणि बारीक काट्यांची भोकं आत भरलेला सीलंट नावाचा द्रव बुजवतो. येऊरला करवंद, बोर आणि बाभळीच्या काट्यांनी ज्यांची सारखी ट्यूब जाते त्यांनी याचा जरूर विचार करावा. त्यासाठी टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेस रेडी हवेत. साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाड करू नका. कमी हवेत, ऐन वळणावर टायरची कड सुटली तर ती पुढच्या चाकाचीही असू शकते. सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी वॉल्व्हचा गाभा काढून आत काही द्रव उरलाय का ते बघावं लागतं. बाल्कनीत उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलीचं तर आणखी लवकर बघा.

हवा

चांगला टायर दगडासारखा फुगवून चालवणारे पुष्कळ दिसतात. रस्त्यावर तो झटपट पळतोय असं वाटतं, पण मातीत असा टायर दगडावरून उडतो, जमिनीला चिकटत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायचीच असते असा त्याचा अर्थ नाही.

स्वाराचं वजन ७० किलोच्या आसपास, टायर २.२५ इंची, आत ट्यूब, अशा वेळी मातीच्या वाटेवर पुढे २६ ते २८ आणि मागे ३० ते ३२ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे चार-पाच कमी. वजन दहा किलोने जास्त असेल तर एक-दोन पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढेच घटवा. नुसत्या रस्त्यासाठी ४० पर्यंत ठीक. पुढे मागच्यापेक्षा तीन-चार पीएसआय कमी, हे अंतर सगळीकडे पाळा.

येऊरच्या गेटपर्यंत ३८वर या, तिथे थांबून वॉल्व्ह दाबून हवा कमी करा, परतीला पंपाने पुन्हा भरा. आळस वाटतो खरा, पण नवा टायर घेऊन जेवढा फरक पडेल त्यातला बराचसा या दोन मिनिटांत फुकट मिळतो.

हवा योग्य आहे का ते असं ओळखा. मातीवर थोडं चालवून थांबा आणि मागे वळून ठसा बघा. मधल्या रांगेचाच ठसा दिसत असेल तर हवा जास्त आहे. वळणावर टायर बाजूला लवतोय असं वाटलं, किंवा दगडावर रिम टणकन आपटली, तर कमी आहे. ट्यूब काढल्यावर तिच्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर तो काटा नव्हता. हवा कमी असताना ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली गेली होती.

मीटर असलेला उभा पंप घरी हवाच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथली नळी मोटारसायकलीसारख्या जाड वॉल्व्हलाच लागते आणि कंप्रेसरचा जोर सायकलच्या टायरला जास्त होतो. तिथे भरायचीच वेळ आली तर थोडी थोडी भरा आणि मध्येच अंगठ्याने दाबून बघा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला मीटर नसेल तर ‘कडक भरा’ म्हणू नका. त्याचं कडक ट्रकच्या अनुभवावरचं असतं.

घेताना आणि बसवताना

शोकेसमध्ये उन्हात टांगलेला टायर घेऊ नका, आतल्या गठ्ठ्यातला मागा. टायर थोडा वाकवून नॉबच्या बुडाशी आणि बाजूवर केसासारख्या भेगा आहेत का ते बघा. रबर जुनं झालं की वापर नसतानाही चिरतं.

बसवण्याआधी जुन्या टायरमध्ये पंक्चर कशाने झालं होतं ते शोधा आणि रिमच्या आतून फडकं फिरवा. हायवेवर घासलेल्या टायरांतून पडलेल्या तारेचे बारीक तुकडे टायरच्या कापडात रुतून बसतात. बोट फिरवताना सावकाश, कारण ते बोटातही जातात.

टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. चेन उजवीकडे धरून सायकल पुढे जाताना चाक ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला बाण हवा. एक कड पूर्ण बसवा. ट्यूबमध्ये जरा हवा भरून तिला आकार येऊ द्या, तिच्यावर टाल्कम पावडर चोळा आणि आत घाला. दुसरी कड वॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग घट्ट होतो तेव्हा लिव्हरने, म्हणजे टायर चढवायच्या पट्टीने, ताणण्याआधी बाकीची कड सगळीकडून चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवा, म्हणजे तेवढी ढील मिळते. लिव्हर लावलीच तर ती ट्यूबला चिमटत नाही ना ते बघा.

हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ दिसते. ती चाकभर सारख्या अंतरावर असायला हवी. कुठे आत बुडालेली दिसली तर हवा सोडा, त्या जागी साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा.

नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले काही किलोमीटर रस्त्यावर सावकाश चालवून मगच वळणांवर भरवसा टाका.

बदलायचा कधी

मागच्या टायरची मधली रांग नव्याच्या निम्म्यावर आली की चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागतं. तो इशारा पुरेसा आहे. पुढच्याची मधली रांग चांगली दिसत असली तरी कडेचे नॉब बघा. त्यांच्या कडा गोल झाल्या असतील किंवा बुडाशी चिरा पडल्या असतील तर टायर बदला. बाजूचं कापड उघडं पडलं, कुठे फुगवटा आला किंवा चाक फिरवल्यावर टायर लडखडताना दिसला तर त्याच दिवशी तो काढा, कितीही नॉब शिल्लक असले तरी.

मागचा टायर टकला झाला म्हणून नवा आणून मागे लावणं ही सर्रास पद्धत आहे. त्याऐवजी पुढचा, थोडाच झिजलेला टायर मागे न्या आणि नवा पुढे लावा. पकड हवी तिथे नवी राहते आणि जुन्याचं उरलेलं आयुष्य मागे वसूल होतं. टकला झालेला टायर पुढे मात्र कधीच नको. टायर मागे नेताना बाण पुन्हा तपासा, कारण काही टायरांवर पुढे आणि मागे बसवण्यासाठी दोन वेगवेगळे बाण छापलेले असतात.